विमान रद्द झालं, दुसऱ्या विमानात जागा दिली: आता भरपाई मागता येते का?

गेल्या वर्षी नणंदेच्या बाळाच्या बारशाला हैदराबादला निघालो होतो. सासूबाई आणि मी, नाशिकच्या ओझर विमानतळावरून सकाळी १० वाजून ४० मिनिटांचं विमान. आदल्या दिवशी दुपारी इंदिरानगरच्या घरी कुंची, वाळे, डिंकाचे लाडू बांधत बसले होते, तेवढ्यात मेसेज आला: विमान रद्द, तुम्हाला परवाच्या विमानात जागा दिली आहे, मान्य असेल तर खालच्या लिंकवर जा. बारसं उद्या संध्याकाळी होतं. परवा जाऊन काय करणार? तरी घाबरून बोट त्या लिंकवर गेलंच होतं. वाटलं, निदान जागा तरी हातची जायला नको.

आमच्या कॉलनीत एक काका राहतात, बरीच वर्षं ग्राहक चळवळीत काम केलेले. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "थांब, काही दाबू नकोस. मेसेज किती वाजता आला ते आधी सांग." मी बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं. "विमान उद्या पावणेअकराच्या आत. म्हणजे चोवीस तास उरले नव्हते. त्या मेसेजचा फोटो काढून ठेव, मग बोलू."

त्या फोटोमुळे पुढे आम्हाला ६,७०० रुपये मिळाले. तिकिटाचे पैसे परत आले ते वेगळे. हे कसं होतं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण त्या दिवशी मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि ओझरच्या खिडकीसमोर उभ्या असणाऱ्या बहुतेकांनाही नसतं.

नियम काय सांगतो

देशातल्या विमानांसाठी नियम आहे तो डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. कंपनीला पत्र लिहिताना त्याचं पूर्ण नाव घालावं लागतं, म्हणून टिपून ठेवा: सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट, सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४. तो २०१० मध्ये आला, आणि भरपाईच्या रकमा १ ऑगस्ट २०१६ पासून वाढवल्या गेल्या.

सगळं अवलंबून आहे कंपनीनं तुम्हाला किती आधी कळवलं यावर. दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं, तर तुम्हाला चालेल असं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. दोन आठवड्यांच्या आत पण चोवीस तासांच्या आधी कळवलं, तरीही तेच. या दोन्हींत वेगळी भरपाई नाही. पण चोवीस तास उरलेले नसताना कळवलं, किंवा कळवलंच नाही आणि तुम्ही विमानतळावर पोहोचल्यावर समजलं, तर कंपनीपुढे दोनच वाटा राहतात: तुम्हाला मान्य होईल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत करून वर भरपाई द्यायची.

यातला "नाहीतर" नीट लक्षात घ्या, बहुतेक लोक इथेच फसतात. दुसरं विमान तुम्ही स्वीकारलंत, तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे रोख भरपाईचा हक्क राहत नाही. लोकांना वाटतं, आधी दुसऱ्या विमानानं जाऊ आणि नंतर भरपाईही मागू. देशातल्या प्रवासात तसं होत नाही. युरोपच्या विमानांचं वेगळं आहे, ते पुढे सांगते.

म्हणून मेसेज आल्यावर आधी स्वतःला विचारा की दिलेलं विमान खरंच आपल्या कामाचं आहे का. चार तासांनी निघणारं विमान असेल आणि तुमचं काम होत असेल, तर खुशाल घ्या; तीन-चार हजारांच्या भरपाईसाठी दुसरीकडे दुप्पट भाड्याचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. पण लग्नानंतरचं, परीक्षेनंतरचं, ऑपरेशनच्या तारखेनंतरचं विमान दिलं असेल, तर ते मान्य करायला तुम्ही बांधलेले नाही.

कधीकधी कंपनी विचारतसुद्धा नाही. अॅप उघडलं की नवं विमान, नवी तारीख आणि हिरव्या अक्षरांत "कन्फर्म्ड". तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे होकार दिला असं होत नाही, पण गप्पही बसू नका. त्याच तासात मेल किंवा चॅटवर लिहा: हे विमान मला मान्य नाही, मला पूर्ण परतावा आणि नियमानुसार भरपाई हवी. आणि त्या नव्या विमानाचं वेब चेक-इन चुकूनही करू नका. चेक-इन केलंत की तुम्ही ते स्वीकारलं असं म्हणायला कंपनीला कारण मिळतं.

मेसेजमधल्या शब्दांकडेही लक्ष द्या. "रद्द" न म्हणता "वेळेत बदल" असं लिहितात. सकाळचं विमान काढून रात्रीचं दिलं, विमानाचा क्रमांकच बदलला, तर तुमचं मूळ विमान उडालेलंच नाही. पत्रात "माझं अमुक क्रमांकाचं विमान रद्द झालं" असंच लिहा. आणि तेच विमान सहा तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर तिथेही दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागण्याचा हक्क तुमचा आहे.

हिशेब

भरपाई ठरते विमानाच्या ब्लॉक टाइमवर. विमान निघताना जागेवरून हललं तिथपासून मुक्कामाला पोहोचून जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा हा वेळ. तिकिटावर सुटायची आणि पोहोचायची वेळ असते, त्यातलं अंतर बघितलं की झालं. एक तासापर्यंतच्या विमानाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या विमानाला ७,५०० आणि दोन तासांच्या वर १०,०००. पण ही वरची मर्यादा आहे. ही रक्कम, किंवा तुमच्या एकेरी प्रवासाचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते मिळतं.

आमचं उदाहरण घ्या. दर माणशी तिकीट ४,८६० रुपयांचं. इनव्हॉइस उघडून बघितलं तर मूळ भाडं ३,३५०, इंधन आकार वेगळा लावलेला नव्हता, उरलेले विमानतळाचे आकार आणि जीएसटी. नाशिक-हैदराबाद एक ते दोन तासांच्या गटात, म्हणजे मर्यादा ७,५०० ची. ३,३५० त्याहून कमी, म्हणून दर माणशी भरपाई ३,३५०. दोघींचे ६,७००, आणि शिवाय तिकिटाचे पूर्ण ९,७२० परत. परतावा आणि भरपाई या दोन वेगळ्या रकमा आहेत, पत्रातही वेगवेगळ्या ओळींवर लिहा. एकत्र लिहिल्या की परतावा देऊन प्रकरण बंद केलं जातं.

भरपाई दर प्रवाशाला असते. लग्नाचं वऱ्हाड एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असेल तर नऊ जणांची नऊ भरपाया. पत्रात सगळ्यांची नावं तिकिटावर आहेत तशीच घाला.

परताव्याच्या जागी व्हाउचर किंवा "क्रेडिट शेल" पुढे केलं जातं. पैसे कंपनीकडे ठेवायचे की परत घ्यायचे हे प्रवाशानं ठरवायचं असतं. कंपनीनं आपणहून तसं करून टाकायचं नसतं. कार्डानं पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत कार्डावर जमा व्हायला हवा. एजंटकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिनं नेमलेला प्रतिनिधी. "एजंटला विचारा" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

कंपनी कोणती कारणं सांगते

भरपाईतून सुटायची एक वाट नियमातच दिलेली आहे: कंपनीच्या हाताबाहेरची असाधारण परिस्थिती. नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, राजकीय अस्थिरता, सरकारी आदेश, संप, वाईट हवामान, सुरक्षेचा धोका, एअर ट्रॅफिक कंट्रोलची अडचण अशी कारणं त्यात येतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यानं आपलं ओझरचं विमान अडकलं, तर भरपाई मागून उपयोग नाही. परतावा किंवा दुसरं विमान मात्र तेव्हाही मिळायलाच हवं. धुक्यामुळे झालेल्या उशिराचंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं आणि २०११ मध्ये त्याचा निकाल लागला. धुक्याचा दोष कंपनीला लावता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण आपली सेवा स्वस्तातली आहे असं सांगून प्रवाशांच्या किमान सोयी टाळता येणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे.

पण मेसेजमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं "ऑपरेशनल कारणास्तव". याचा अर्थ काहीही होऊ शकतो. विमान दुसऱ्या मार्गावर वळवलं असेल, वैमानिक नसेल, प्रवासी कमी असतील. काकांनी मला पहिल्याच पत्रात हा प्रश्न विचारायला लावला: नेमकं कारण काय, ते लेखी कळवा, आणि नियमातल्या कोणत्या अपवादात ते बसतं तेही सांगा. एकदा लेखी उत्तर आलं की पुढे कारण बदलणं कंपनीला जड जातं.

कारण हवामानाचं सांगितलं तर ते तपासूनही बघता येतं. त्याच तासा-दोन तासांत त्याच विमानतळावरून बाकीच्या कंपन्यांची विमानं सुटली का? फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर दिसतं. आजूबाजूची सगळी विमानं उडाली आणि तुमचंच उभं राहिलं, तर तो स्क्रीनशॉट फाइलमध्ये ठेवा. तो लगेच काढा, कारण जुनी माहिती फुकटात फार दिवस दिसत नाही.

वैमानिकांच्या कमतरतेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचं कारण पुढे आलं होतं. ते नियम आधीच जाहीर झालेले होते. कधी लागू होणार हे माहीत असलेल्या नियमासाठी माणसं नेमून ठेवणं हे कंपनीचं काम आहे, ते हाताबाहेरचं म्हणता येत नाही. तुमच्या प्रकरणात असं कारण आलं तर हा मुद्दा ठामपणे मांडा.

आणखी एक कारण असं असतं की ते ऐकून आपण निरुत्तर होतो: "आम्ही दिलेल्या नंबरवर कळवलं होतं." नियमाप्रमाणे बुकिंग करताना प्रवाशानं संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर भरपाई मिळत नाही. आता आपल्याकडे काय होतं? कॉलेज रोडच्या किंवा मेनरोडच्या एजंटकडे तिकीट काढायला जातो, तो घाईत स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. मेसेज त्याला येतो. त्यानं तो तीन दिवस आधी बघितलेला असतो किंवा बघितलेलाही नसतो, आणि आपण सामान घेऊन ओझरच्या वाटेवरच्या दहाव्या मैलावर पोहोचलेलो असतो. म्हणून तिकीट हातात पडलं की बुकिंगमध्ये नंबर आणि मेल कोणाचा आहे ते बघा, आणि कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतःचा टाका.

विमानतळावर असाल तर

रद्द झाल्याचं ओझरला पोहोचल्यावर कळलं, तर पहिला अर्धा तास महत्त्वाचा. फलकावर "कॅन्सल्ड" दिसतंय त्याचा फोटो घ्या, त्यात घड्याळ आलं तर उत्तम. काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका. निर्णय तिनं घेतलेला नसतो, आणि तुम्हाला हवा असलेला कागद तीच देणार असते. विमान रद्द झाल्याचं, कारणासह, शिक्क्याचं पत्र मागा. नाही मिळालं तर कंपनीच्या साइटवर तसं प्रमाणपत्र मिळतं का ते बघा. प्रवासाचा विमा काढला असेल तर विमा कंपनीही हाच कागद मागते.

वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला दुसऱ्या विमानाची वाट बघताना खाणं-पिणं द्यायला हवं. नुसता उशीर असेल तरी हे लागू आहे: अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत विमानाला दोन तास उशीर झाला की जेवण-नाश्ता द्यायचा. ओझरहून जाणारी विमानं साधारण याच गटातली. टर्मिनल लहान आहे, खायला फारसं काही मिळत नाही. लहान मुलं किंवा मधुमेहाची माणसं बरोबर असतील तर दोन तास झाल्या झाल्या मागा, संकोच करू नका. उशीर चोवीस तासांच्या वर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीनं करायची असते.

नाशिककरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नेहमी होते. ओझरचं विमान रद्द करून मुंबईहून जागा देतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो हे खरं, पण टॅक्सीचे पैसे कोण देणार? हो म्हणण्याआधीच लिहून विचारा: मुंबईहून जायला तयार आहे, पण नाशिक ते मुंबई वाहन तुम्ही द्या किंवा खर्च द्या. आधी विचारलं तर कधीकधी देतात. जाऊन आल्यावर मागितलं तर टाळाटाळ होते.

आम्ही मुंबईहून दुसऱ्या कंपनीचं पहाटेचं विमान पकडलं. रात्री एकला घरून निघालो, सासूबाई मांडीवर लाडवांचा डबा धरून गाडीत बसल्या होत्या. टॅक्सीची पावती, नव्या तिकिटाचं इनव्हॉइस, टोलचे मेसेज असं सगळं मी एका फोल्डरमध्ये टाकलं.

पत्र कसं लिहायचं

फोनवर बोला, पण फोनवर भरवसा ठेवू नका. कंपनीच्या साइटवरचा तक्रार फॉर्म किंवा मेल वापरा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका. खोटे नंबर टाकून बसलेले लोक परताव्याच्या नावाखाली ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागतात आणि खातं रिकामं करतात. नंबर कंपनीच्या अॅपमधूनच घ्या. असं काही झालंच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

पत्र लांब नको. मी पहिल्यांदा दीड पान लिहिलं होतं, बारसं, सासूबाईंचे गुडघे, सगळं. काकांनी ते बाजूला ठेवलं आणि नवं सांगितलं. साधारण असं:

"माझा पीएनआर अमुक. प्रवासी दोन, नावं अशी. अमुक तारखेचं, अमुक क्रमांकाचं नाशिक-हैदराबाद विमान आपण रद्द केलंत. त्याची सूचना मला आदल्या दिवशी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी मिळाली, म्हणजे सुटण्याच्या साडेवीस तास आधी. स्क्रीनशॉट जोडला आहे. आपण दिलेलं पर्यायी विमान मला मान्य नव्हतं व तसं मी त्याच दिवशी कळवलं. डीजीसीएच्या सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४ नुसार माझी मागणी: एक, तिकिटांचा पूर्ण परतावा ९,७२० रुपये. दोन, भरपाई दर प्रवासी ३,३५० प्रमाणे ६,७०० रुपये. रद्द करण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं. व्हाउचर मान्य नाही, रक्कम बँक खात्यात जमा करावी. पंधरा दिवसांत उत्तर न मिळाल्यास पुढची तक्रार करीन."

इंग्रजीत पाठवायचं असेल तर एवढंच साध्या इंग्रजीत लिहा. टॅक्सी आणि नव्या तिकिटातला फरक असा जास्तीचा खर्च झाला असेल तर तिसरा आकडा म्हणून घाला आणि पावत्या जोडा. डीजीसीएच्या नियमात तो बसत नाही, कंपनी बहुधा नाही म्हणेल, पण पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर तुम्ही तो पहिल्या दिवसापासून मागत होता हे कागदावर असलं पाहिजे.

नाही म्हणाले तर

पहिलं उत्तर बहुतेक वेळा ठरावीक साच्याचं येतं. मला आलं होतं ते असं: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या प्रवासासाठी हे व्हाउचर घ्या. तिथे थांबायचं नाही. प्रत्येक कंपनीच्या साइटवर नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी, आणि त्याच्या वरचा अपील अधिकारी यांचे मेल असतात, बरेचदा पानाच्या तळाशी, शोधावे लागतात. तेच पत्र आधीच्या तक्रार क्रमांकासह नोडल ऑफिसरला पाठवा, मग अपील अधिकाऱ्याला.

त्यानंतर एअरसेवा. नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं २०१६ मध्ये सुरू केलेलं हे पोर्टल आहे, अॅपही आहे. मोबाइल नंबरानं नोंदणी करायची, कंपनी निवडायची, पीएनआर घालायचा, मेसेजचा स्क्रीनशॉट, तिकीट आणि कंपनीचं नकाराचं उत्तर जोडायचं. आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर ती परत कंपनीकडेच जाते आणि वेळ फुकट जातो. माझं प्रकरण इथेच सुटलं. तिकिटाचे पैसे सहाव्या दिवशी आले होते, भरपाई मात्र एअरसेवावर तक्रार टाकल्यावर, एकूण पाचेक आठवड्यांनी खात्यात जमा झाली. कंपनीनं त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही, नुसता बँकेचा मेसेज आला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. ते कंपनीशी बोलून तडजोडीचा प्रयत्न करतात, हुकूम देऊ शकत नाहीत. एअरसेवाच्या बरोबरीनं तिथेही नोंद करायला हरकत नाही.

एवढं करूनही काही झालं नाही, तर ग्राहक आयोग. इथे लोक उगीच घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तिकिटाच्या अटींमध्ये कंपनीनं दुसऱ्या कुठल्या शहराच्या न्यायालयाचं नाव घातलेलं असतं. ते वाचून मागे हटू नका, नाशिककरानं नाशिक जिल्हा आयोगातच जायचं. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही, स्वतः बाजू मांडता येते, आणि तक्रार मराठीत लिहिता येते. मुदत दोन वर्षांची, घटनेच्या दिवसापासून. घरबसल्या करायची असेल तर ई-जागृती पोर्टल आहे, १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेलं.

आयोगात टॅक्सी, जास्तीचं तिकीट, मनस्ताप, तक्रारीचा खर्च हे सगळं मागता येतं, पण जे मागाल त्याला कागद हवा. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये एक निकाल दिला: रेल्वे चार तास उशिरा जम्मूला पोहोचली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं, त्यांना टॅक्सीनं जावं लागलं. रेल्वेला उशिराचं कारण पुराव्यानिशी सांगता आलं नाही आणि टॅक्सीच्या १५,००० रुपयांसह भरपाई कायम राहिली. निकाल रेल्वेचा आहे, पण उशिराचं समर्थन पुराव्यानं करायची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर, हे तत्त्व आपल्यालाही उपयोगी पडतं. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

वेळ लागतो हे मात्र धरून चाला. कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात बरेच जास्त जातात. माझा टॅक्सीचा आणि तिकिटातल्या फरकाचा खर्च मिळाला नाही. आयोगात जाऊन तो मागता आला असता, पण बारशानंतरच्या धावपळीत मी तो सोडून दिला. सोडायला नको होता, असं मला आजही वाटतं.

परदेशचा प्रवास

आपल्याकडची पुष्कळ मुलं आता जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आहेत, म्हणून हे त्यांच्या आईवडिलांसाठी. युरोपियन युनियनचा नियम २६१/२००४ युरोपमधल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो. बाहेरून युरोपला येणाऱ्या विमानाला मात्र ते युरोपियन कंपनीचं असेल तरच. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला कुठल्याही कंपनीनं या, नियम लागू. मुंबईहून फ्रँकफर्टला जर्मन कंपनीनं गेलात तर लागू, भारतीय कंपनीनं गेलात तर नाही.

इथे दुसरं विमान घेतलं म्हणून भरपाई आपोआप जात नाही, आपल्या नियमाशी हाच मोठा फरक. चौदा दिवसांच्या आत कळवून रद्द केलं असेल आणि नवं विमान जुन्या वेळेच्या अगदी जवळपासचं नसेल, तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. भारत-युरोप अंतर ३,५०० किलोमीटरच्या वर, म्हणजे ६०० युरो दर माणशी. नव्या विमानानं चार तासांपेक्षा कमी उशिरा पोचवलं तर रक्कम निम्मी करता येते. हवामानासारखे अपवाद तिथेही आहेत, पण नेहमीच्या तांत्रिक बिघाडाला युरोपच्या न्यायालयानं २००८ मध्येच अपवादातून बाहेर काढलं आहे. ब्रिटनचा वेगळा पण तसाच नियम आहे, लांबच्या प्रवासाला ५२० पौंड. हे दावे कंपनीच्या साइटवर स्वतःच भरता येतात. मधल्या एजन्सी रकमेतला मोठा वाटा कापून घेतात, म्हणून आधी स्वतः प्रयत्न करा.

बाकी आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार आहे, भारतात २००९ पासून लागू. त्यात ठरलेली रक्कम नाही, उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं, आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घेऊ नका, हे देशातल्या प्रवासालाही लागू आहे. ओझर ते दिल्ली आणि दिल्लीहून पुढे हे एकाच तिकीट क्रमांकावर असेल, तर पहिलं रद्द झाल्यानं दुसरं चुकलं तरी जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं थोडी स्वस्त पडतात, पण मग दुसरी कंपनी हात वर करते. दीड हजार वाचवायला ही जोखीम मी तरी आता घेत नाही.

परवा सासूबाईंना घेऊन गोव्याला जायचं म्हणून एजंटकडे गेले होते. त्यानं सवयीनं स्वतःचा नंबर टाकला. मी त्याला माझा नंबर आणि मेल टाकायला लावला, प्रिंटवर तो आला का ते बघितलं, आणि मूळ भाडं वेगळं दाखवणारं इनव्हॉइस मागून घेतलं. सासूबाईंनी ते घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.